बोर्डावर एकवीसचे अठरा कसे झाले, त्याबाबत पुरवणी जबाब

नाव व वडिलांचे नाव : शुक्रवारच्या जबाबात दिले आहे, तेच.
वय : एकाहत्तर वर्षे पूर्ण.
धंदा : बोर्ड रंगवणे, चोपन्न वर्षे.
शिक्षण : शाळेत फार गेलो नाही. अक्षरे रंगवता रंगवता वाचायला शिकलो.
राहणार : छापखान्यामागची इमारत, दुसरा मजला. सोबत मुलगा, सून व नात.

मी आज सोमवार, तारीख वीस रोजी सकाळी दहा वाजता, कोणी न बोलावता, आपल्या पायांनी ठाण्यावर येऊन स्वतःच्या हाताने लिहून देतो की,

आधी सगळ्यांची विचारपूस करतो. साहेबांच्या दाढेचा ठणका उतरला असावा. शुक्रवारी ते गालावर हात धरूनच मला प्रश्न विचारत होते. लिहिणाऱ्या हवालदारांचा खोकला अजून आहे, तो मला इथे बाकावर ऐकू येतो. दारावरच्या शिपाईबाईंच्या मुलाचा ताप गेला, हे त्यांनीच सांगितले, बरे वाटले. कोठडीतल्या वेटरला गुडघ्यांचा त्रास आहे, थंड फरशी त्याला सोसत नाही. शनिवारी मी एक सतरंजी देऊन गेलो होतो, ती त्याला मिळाली का, ते कळावे. इस्पितळातल्या मुलाच्या मांडीत सळई घातली आहे. तो शुद्धीवर आहे, आणि त्याच्या आईने काल दोन घास खाल्ले. मी ठीक आहे. माझ्या घरच्यांचे पुढे येईलच. हवालदार म्हणाले, जबाबात खुशाली लिहीत नाहीत. मी म्हटले, ज्यांच्याविषयी लिहायचे ती माणसे कशी आहेत, हे कळल्याशिवाय माझा हात चालत नाही.

शुक्रवारचा माझा जबाब हवालदारांनी लिहून घेतला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे, त्यांचा काही दोष नाही. त्यात मी म्हटले आहे की, बोर्डावरचा आकडा बदलण्यामागे बारच्या मालकांचा हात असावा असा माझा दाट संशय आहे. तो संशय मी आज मागे घेतो. का घेतो ते क्रमाने लिहितो. मला आडवळणाने सांगायची सवय आहे, सांभाळून घ्यावे.

बस थांब्यासमोर जो बार आहे, त्याच्या पाच पायऱ्या चढल्या की दाराच्या डाव्या अंगाला लोखंडी चौकटीत पत्र्याचा बोर्ड बसवलेला आहे. त्यावर मजकूर असा : २१ वर्षांखालील व्यक्तीस मद्य दिले जाणार नाही, वयाचा पुरावा दाखवावा. अक्षरे काळी, आकडा लाल. गेली बावीस वर्षे हा बोर्ड मीच रंगवत आलो. उन्हाने लाल रंग उडाला म्हणून मालकांनी तारीख सहाला फोन करून तो नव्याने रंगवायला सांगितला. हे वय एकवीसवरून अठरावर आणावे असा विचार सध्या सरकारात चालला आहे आणि त्यावर लोकांच्या हरकती व सूचना महिनाअखेरपर्यंत मागवल्या आहेत, हे साहेबांना ठाऊकच आहे. पेपरात रोज त्यावर काहीतरी असते. माझ्या घरातही रोज काहीतरी असते, कारण माझी नात, वय एकोणीस, तिच्या कॉलेजातल्या मुलांबरोबर वय कमी करावे म्हणून सह्या गोळा करते.

तारीख सात, मंगळवार रोजी सकाळी दहा वाजता मी शिडी लावली. जुना रंग खरवडून पांढऱ्या रंगाचा हात आदल्या दिवशीच दिला होता. दोऱ्याने ओळी आखल्या, खडूने सगळा मजकूर काढला. आकडा मी खडूने एकवीसच काढला होता, हे मी शपथेवर सांगतो. एक वाजेपर्यंत काळी अक्षरे झाली. लाल रंग उशिरा वाळतो, त्याला धूळ धरते, ब्रशही वेगळा लागतो, म्हणून आकडा मी नेहमी शेवटी भरतो. तो खडूचाच ठेवून मी जेवायला आत गेलो.

आता माझ्या कामाची एक रीत सांगणे भाग आहे. मी खडूची रेघ भरतो, मजकूर वाचत नाही. अक्षर रंगवताना ते वाचले की मन पुढच्या अक्षरावर पळते, हात घाई करतो आणि काना वाकडा होतो. म्हणून रंगवताना फक्त कड बघायची, नाक पत्र्यापाशी, आणि खाली उतरल्यावर लांबून ओळ सरळ आहे का एवढेच बघायचे. ही रीत मीच काढली आणि चोपन्न वर्षांत एकदाही तिने मला तोंडघशी पाडले नव्हते.

जेवणाचा डबा नातीने आणला, एक वाजून पाच मिनिटांनी. मी व बारमधला वेटर मागच्या दारापाशी स्टुलांवर बसून जेवलो. त्या वेटरला सगळे जराथांबा म्हणतात. कोणी तरुण पोरगा आत शिरला की तो आडवा हात करून म्हणतो, "जरा थांबा, कार्ड बघू." कार्ड डोळ्यांपासून हातभर लांब धरतो, मान वळवून बोर्डाकडे बघतो, बोटांवर वर्षे मोजतो, मग आत सोडतो किंवा परत पाठवतो. एकदा त्याने एका नवरदेवाला पायरीवरून परत लावले होते. घरच्यांनी कायद्याकडे न बघता लग्न लावून चार दिवस झालेले, पण एकविसाला दोन महिने कमी. तो पोरगा म्हणाला, मी नवरा झालो आहे. जराथांबा म्हणाला, नवरा झालात, गिऱ्हाईक अजून नाही.

नात आमच्याबरोबर बसली नाही. बाहेर मोकळी हवा आहे, शिडीपाशी थांबते, असे म्हणाली. एक पस्तीसला ती आत डोकावली, दोनचा तास आहे म्हणाली आणि गेली. पावणेदोनला मी शिडीवर चढलो, सव्वादोनला आकडा भरून उतरलो, लांबून ओळ पाहिली, सामान गुंडाळले. मालक त्याच दिवशी सकाळी बाहेरगावी गेले होते, ते तारीख सोळापर्यंत आले नाहीत.

तारीख सोळा, गुरुवार रोजी दुपारी चार वाजता कॉलेजातला एक मुलगा, वय एकोणीस, दोन मित्रांसह पायऱ्या चढला. जराथांबाने कार्ड पाहिले, बोर्ड पाहिला, बोटे मोजली आणि आत सोडले. पेपरात इतके दिवस चालले होते ते अखेर झाले, असे त्याने धरले. बोर्ड मालकाच्या भिंतीवर आहे म्हणजे मालकाने वाचलाच असणार, पेंटरने लिहिला म्हणजे बरोबरच असणार. त्या मुलाने बिअरच्या दोन बाटल्या घेतल्या. पाच वाजून दहा मिनिटांनी त्याची दुचाकी बस थांब्याच्या कठड्यावर गेली. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. दुसऱ्या कोणाला इजा नाही. सहा वाजता जराथांबाला इथे आणले.

शुक्रवारी माझे डोके कसे चालले होते ते प्रामाणिकपणे लिहितो. मालक नेमके सात तारखेलाच का गेले? बहिणीच्या डोळ्याचे ऑपरेशन होते म्हणतात, पण डोळ्याच्या ऑपरेशनला भाऊ नऊ दिवस कशाला लागतो? फोनवर ते मला दोनदा म्हणाले होते, आकडा नीट काढा. नीट म्हणजे काय? वय खाली आले की समोरच्या कॉलेजातली अर्धी मुले याच पायऱ्या चढणार, हे मला आंधळ्यालाही दिसत होते. मग वाटले, जराथांबाच्या हातात ओले फडके कायम असते, त्याने खडू पुसला नसेल कशावरून? तोही जेवता जेवता एकदा पाणी आणायला उठला होता, मी वेळ मनात धरून ठेवली होती. रंगाच्या दुकानदाराकडे गेलो, त्याने नजर चुकवली. तो सगळ्यांशीच नजर चुकवून बोलतो हे मला घरी येऊन आठवले. पायरीखाली चपला शिवणाऱ्यालाही आडून आडून विचारले, मंगळवारी दुपारी माझ्या शिडीपाशी कोणाचा हात दिसला का. तो म्हणाला, "काका, मी दिवसभर लोकांचे पाय बघतो. हात बघायला कोणी सांगितलं नव्हतं." त्याच्यावरही मी अर्धा दिवस संशय धरला.

घरातल्या कोणावर मात्र मी संशय धरला नाही. त्या आठवड्यात नातीने माझे ब्रश न सांगता धुऊन ठेवले होते. सह्यांचे कागद टेबलावरून उचलून कुठेतरी ठेवले होते. जेवताना वयाचा विषय निघाला की ती पाणी प्यायची. कॉलेजला ती बस थांब्यावरून न जाता मागच्या गल्लीने जाऊ लागली होती. पोरगी शहाणी होते आहे, असे मी सुनेला म्हटलेसुद्धा.

शनिवार, तारीख अठरा रोजी हवालदारांनी मला बोर्ड ओळखायला मागच्या खोलीत नेले. बारच्या चौकटीतून काढून आणलेला बोर्ड तिथे भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्या आधी मी कोठडीपाशी थांबलो. जराथांबा गजांपाशी आला. त्याला माझा राग येईल म्हणून मी मनाची तयारी करून गेलो होतो. तो रागावला नाही. म्हणाला, "पेंटर, तुमचं अक्षर बघून बावीस वर्षं मी पोरांना परत लावलं. परवा तुमचंच अक्षर बघून आत घेतलं. माझं नेमकं कुठं चुकलं तेवढं सांगा, म्हणजे साहेबांना सांगता येईल." मी त्याच्या गुडघ्यांचे विचारले.

मग हवालदारांनी बोर्ड फिरवला. साक्षीदाराने बोर्ड ओळखला, असे त्या कागदावर लिहिले आहे आणि खाली माझी सही आहे. मी काय ओळखले ते त्यात लिहिलेले नाही. ते असे.

मला आकडे काढायला कोणी शिकवले नाही. त्यामुळे माझा आठ चारचौघांसारखा नाही. शेवटी त्याचे टोक मी खाली लोंबू देत नाही, जरा वर उचलतो, पाखराने शेपटी उचलावी तसे. मालकांचा आठ दोरी सोडल्यासारखा खाली पडतो. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत, हव्या तर देतो. जराथांबाला आठ काढायचा झाला तर तो आधी हवेत गिरवून बघतो. परक्या हाताचा आकडा असता तर मी वाचत नसलो तरी ब्रश अडखळला असता, अशी माझी खात्री आहे. हा आकडा हाताला परका वाटला नाही, म्हणून हात पुढे गेला. असा आठ काढणारी माणसे दोनच आहेत. त्यातला एक मी.

रविवार, तारीख एकोणीस रोजी दुपारी तीन वाजता मुलगा व सून इस्पितळात त्या मुलाला बघायला गेले होते. मी टेबलावर काळा पत्र्याचा तुकडा ठेवला, खडू ठेवला आणि नातीला म्हटले, "जरा अठरा काढून दाखव." लहानपणी तिला याच पत्र्यावर मी अक्षरे शिकवली. तिने एक काढला. आठ काढला. टोक वर उचलले आणि खडू तिथेच धरून राहिली. मग खाली ठेवला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"काल."

तिने सांगितले ते तिच्याच शब्दांत जवळपास असे. त्यांच्या पत्रकावर छापायला फोटो हवा होता, बोर्डावर अठरा दिसतील असा. शिडी मोकळी होती, आकडा अजून खडूचाच होता. तिने ओढणीच्या टोकाने एकवीस पुसले, अठरा काढले, फोटो घेतला. पुसून परत एकवीस करणार होती, तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला, तासाला उशीर झाला.

"मला वाटलं, तुम्ही वाचाल," ती म्हणाली.

"रंगवताना वाचायचं नाही, असं तुला मीच शिकवलं."

"हो. पण मला वाटलं, ते फक्त शिकणाऱ्यांसाठी असतं."

ती पुढे म्हणाली की बुधवारी सकाळी जाताना तिने बोर्ड पाहिला, लाल रंगात. आज सांगते, उद्या सांगते असे करता करता गुरुवार उजाडला, दुसरा गुरुवारही आला. इस्पितळातला मुलगा तिचा वर्गमित्र, तो फोटो बघून आधी हसला होता. पुढे रस्त्यावरून जाताना बोर्ड अजून तसाच आहे हे त्याने पाहिले आणि गंमत म्हणून कार्ड पुढे केले. आपल्याला आत सोडतील असे त्यालाही वाटले नव्हते म्हणे.

रोज जेवताना ती मला विचारायची ते प्रश्न साहेबांनाही ठाऊक असतील. अठराव्या वर्षी मत देता येते, गाडी चालवता येते, कागदावर सही चालते, मग एक ग्लासच कसा चालत नाही? मी तिला नीट उत्तर कधी दिले नाही. माझी स्वतःची सुरुवात सोळाव्या वर्षी गोदामामागे झाली, तेव्हा कोणी कार्ड विचारले नव्हते. चाळिशीत हात थरथरू लागला, ते बोर्डावर दिसू लागले, म्हणून सोडली. हे मी तिला सांगितले नव्हते, रविवारी सांगितले. मग एवढेच विचारले, "सगळं कळायचं वय झालं आहे, तर बुधवारपासून आजपर्यंत गप्प का?" ती टेबलावरचा खडू उभा करत राहिली, तो पडत राहिला.

आता जे लिहितो ते साहेबांना आवडणार नाही. मी तिला म्हटले, यात तू कुठेच नाहीस. मी म्हातारा आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतो आहे, पेपरात रोज अठरा वाचून हातून अठरा गेले, असे ठाण्यावर सांगतो. सगळे विश्वास ठेवतील. जराथांबाही सुटेल, तुझे कॉलेजही चालू राहील. मी चप्पल घालायला उठलोसुद्धा.

ती म्हणाली, "आजोबा, अठराव्या वर्षी माणसाला अक्कल असते, असं मी चारशे बारा लोकांकडून सही करून घेतलंय. आता तुमच्या मागे लपले, तर ते सगळे कागद मला फाडावे लागतील. ते मी फाडणार नाही. उद्या मीच येते."

मुलाला व सुनेला संध्याकाळी सांगितले. सुनेने ती ओढणी धुतली, जी आधीच धुतलेली होती. मुलाने विचारले, मी येऊ का बरोबर? नात म्हणाली, नको.

आज सकाळी आम्ही दोघे पायी आलो, बस थांब्यावरूनच. दारात हवालदारांनी विचारले, मुलीचे पालक कोण? मी पुढे झालो. त्यांनी वय विचारले. ती म्हणाली, एकोणीस. हवालदार म्हणाले, "मग पालक लागत नाही. जबाब तिचा ती देईल. तुम्ही बाहेर बसा, आजोबा." त्यामुळे हा कागद मी बाहेरच्या बाकावर बसून लिहीत आहे. ती आत जाऊन चाळीस मिनिटे झाली आहेत. दार लोटलेले आहे. तिचा आवाज ऐकू येत नाही, हवालदारांचा खोकला येतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. खडूने आकडा तिने बदलला. तो न वाचता पक्क्या रंगात मी भरला. माझी चूक तिच्या चुकीहून जुनी आणि मोठी आहे, ती माझ्याच नावावर लिहावी. मालकांचा यात हात नाही. त्यांच्या बहिणीच्या डोळ्याची पट्टी बुधवारी निघाली, असे मी आता नीट चौकशी करून आलो आहे. चपला शिवणाऱ्याची मी माफी मागितली. जराथांबाने त्या दिवशीही तेच केले जे बावीस वर्षे केले : कार्ड मागितले आणि बोर्डावर लिहिले होते तसे वागला.

वय किती असावे यावर साहेबांनी माझे मत विचारलेले नाही. नातीच्या कागदावर मी अजून सही केलेली नाही आणि आजही लगेच करणार नाही. मात्र ती जर म्हणत असेल की या वयात माणूस आपल्या केल्याचे आपण भरू शकतो, तर आज सकाळी दहा वाजल्यापासून मला ते खोटे म्हणता येत नाही. वय अठरा ठरो की एकवीसच राहो, त्या पायरीवर हात आडवा करणारा माणूस हवा, आणि तो सध्या तुमच्या फरशीवर बसून आहे. त्याला सोडावे. आकडा मी आजच मागच्या खोलीत जाऊन खरवडून परत काढून देतो, रंग पिशवीत आहे.

सतरंजीचे आणि जराथांबाच्या सुटकेचे काय झाले ते मला लवकर लिहून कळवावे. दोन ओळी पुरतील. पत्ता वर दिला आहे, तोवर मी या बाकावरच आहे.

हा जबाब कोणी मला वाचून दाखवलेला नाही. मी स्वतः लिहिला आणि लिहून झाल्यावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला, शिपाईबाई साक्षीला होत्या. आपण लिहिलेले आपणच पुरे वाचण्याची ही माझी पहिली वेळ. दोनदा वाचला. मी सांगितल्याप्रमाणे आहे, बरोबर आहे.

सही
पेंटर